उंबऱ्याच्या आतला शब्द

आमच्या दिंडोरी तालुक्यात 'सुधारित' हा शब्द आधी द्राक्षाला लागतो. सुधारित वाण, सुधारित लागवड. त्यानंतर पंचायत समितीचं सुधारित अंदाजपत्रक आणि एसटीचं सुधारित वेळापत्रक. माणसाला लागला की मात्र शब्दाचा सूर बदलतो. 'फार सुधारलाय गडी' असं पारावर कुणी म्हणालं, तर ते कौतुक नसतं. आणि 'सुधारलेली सून' म्हणजे काय, हे कोणत्याही सासूला विचारावं. एकोणिसाव्या शतकात पुण्या-मुंबईकडे 'सुधारक' ही जवळजवळ शिवीच होती. आगरकरांनी १८८८ साली आपल्या पत्राला नेमकं तेच नाव दिलं, यात त्यांचा निम्मा स्वभाव कळतो.

'धर्मसुधारणा' हा या घराण्यातला सर्वांत प्रतिष्ठित शब्द. मी इतिहासाचा मास्तर. नोकरीभर हा शब्द मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या. युरोपच्या धड्यात धर्मसुधारणा म्हणजे मार्टिन ल्यूथर आणि १५१७ साल. भारताच्या धड्यात तोच शब्द पुन्हा यायचा. मग १८२८चा ब्राह्मो समाज, १८६७चा प्रार्थना समाज, १८७३चा सत्यशोधक समाज, १८७५चा आर्य समाज अशी सनावळी. मुलं ती पाठ करायची आणि परीक्षेनंतर विसरायची, म्हणून मी धडा घराजवळ आणायचो. एक साखळी सांगायचो. ज्ञानोबा-तुकोबांनी सुरुवात केली, न्यायमूर्ती रानड्यांनी तिला आधुनिक रूप दिलं, आणि नाशिकच्या काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या सत्याग्रहानं तिचा कळस झाला. रानड्यांचा जन्म शेजारच्या निफाडचा, १८ जानेवारी १८४२चा. आणि काळारामच्या सत्याग्रह समितीचे सचिव दादासाहेब गायकवाड तर आमच्याच तालुक्यातल्या आंब्याचे, जन्म १५ ऑक्टोबर १९०२. दोन तालुके आणि दोन माणसं यांच्यात सगळी धर्मसुधारणा मावायची. वर्गात हे सांगताना माझी छाती फुगायची, हे कबूल करतो.

त्या साखळीतली शेवटची कडी मी आता काढून बाजूला ठेवली आहे. दादासाहेबांना 'धर्मसुधारक' म्हणणं मी सोडलं. हा बदल एका दिवसात झाला नाही आणि सुखासुखीही झाला नाही, कारण त्यासाठी मला माझ्या सगळ्यात आवडत्या माणसाशी, म्हणजे रानड्यांशी, भांडावं लागलं.

रानड्यांचं मला काय आवडायचं ते आधी सांगतो. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर १९०० साली त्यांचं पुस्तक आलं. त्यात संतांवर एक अख्खं प्रकरण आहे आणि त्या प्रकरणात वारकरी संतांची तुलना थेट युरोपातल्या प्रोटेस्टंटांशी आहे. लोकभाषेत धर्म सांगणं, पुरोहिताची मक्तेदारी नाकारणं, कर्मकांडापेक्षा भक्ती मोठी मानणं, जातीचा ताठा सैल करणं, या सगळ्या खुणा रानडे दोन्हीकडे दाखवतात. इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्या करारी माणसाला संतांची टाळकुटी मंडळी पसंत नव्हती. रानड्यांनी त्याच मंडळींच्या अंगावर इतिहासाची शाल घातली. देहूचा वाणी आणि विटेनबर्गचा मठवासी एकाच ओळीत बसले की मराठी मुलाची मान ताठ होते. माझी तरी झाली होती.

दुसरं म्हणजे १८९७चं अमरावतीच्या सामाजिक परिषदेतलं भाषण. सुधारणा कशाला, जुनं पुनरुज्जीवित करा, असं म्हणणाऱ्यांना रानड्यांनी तिथं शांतपणे विचारलं की जुन्यातलं नेमकं काय परत आणू? आठ प्रकारचे विवाह आणू, बारा प्रकारचे पुत्र आणू, की सती आणू? इतका सभ्य आणि इतका निरुत्तर करणारा प्रतिवाद मराठी माणसानं क्वचितच केला असेल. आजही कुणी 'आपली मूळ संस्कृती' म्हणून हात वर केला की मला ते भाषण आठवतं.

आणि तिसरं, जे लोकांना आवडत नाही, तेही मला आवडायचं: त्यांची माघार. १८९० साली पुण्यातल्या ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये रानड्यांसह मंडळी चहाला गेली, वर्तमानपत्रात नावं आली, सनातन्यांनी ग्रामण्य केलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं. लोक हसले. त्याआधी १८७३ साली पहिल्या पत्नीच्या मृत्यूनंतर विधवाविवाहाचा हा पुरस्कर्ता वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्नाला उभा राहिला होता, तेव्हाही हसले होते. मी वर्गात रानड्यांची बाजू घ्यायचो. सांगायचो, ज्याला घर सोडायचं नाही, घरात राहूनच भिंत दुरुस्त करायची आहे, त्याला घरच्या माणसांचा रुसवा काढावाच लागतो. सुधारणा म्हणजे घरात राहून केलेली दुरुस्ती. ही व्याख्या माझीच. ती पुढं माझ्यावरच उलटेल असं वाटलं नव्हतं.

निवृत्तीनंतर एका स्मरणिकेसाठी दादासाहेबांवर लेख लिहायचं काम माझ्याकडे आलं. विषय मीच सुचवला होता: धर्मसुधारणेत दिंडोरी तालुक्याचा वाटा. मसुदाही जवळपास तयार होता. फक्त बाबासाहेब आंबेडकरांनी दादासाहेबांना लिहिलेल्या पत्रांतली एक-दोन अवतरणं घालायची म्हणून ती पत्रं काढून बसलो. ३ मार्च १९३४चं पत्र माझ्यासमोर आलं.

रामनवमी तोंडावर होती. सत्याग्रह पुन्हा सुरू करावा का, हा नाशिककरांचा प्रश्न होता. बाबासाहेबांचं उत्तर नकाराचं आहे आणि कारण सांगताना त्यांनी आडपडदा ठेवलेला नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून मी हा लढा सुरू केला नव्हता, आणि देवळात गेल्यानं ते बरोबरीचे होतील अशीही माझी समजूत नव्हती. समाजाला जागं करायला, त्याला त्याच्या स्थितीची जाणीव द्यायला हा उत्तम मार्ग वाटला. ते काम झालं आहे, तेव्हा आता शक्ती राजकारणात आणि शिक्षणात लावावी.

हे पत्र मी पूर्वी वाचलेलं नव्हतं असं नाही. वाचून पुढं गेलो होतो. माझ्या साखळीत ते बसत नव्हतं म्हणून मी त्याला 'डावपेचाचं पत्र' असं नाव देऊन टाकलं होतं. या वेळी मात्र लेखाचा मथळा एका हाताला आणि पत्र दुसऱ्या हाताला असं समोरासमोर आलं. लढा ज्यांनी उभा केला तेच सांगताहेत की या देवळाचा धर्म दुरुस्त करणं हे आमचं काम नव्हतं. आणि मी वरती छापणार होतो, 'धर्मसुधारणा'.

मग मी तो सत्याग्रहच पुन्हा पहिल्यापासून लावून पाहिला. २ मार्च १९३० रोजी नाशिकात हजारो माणसांची मिरवणूक निघाली. दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटावर गेली, सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून सव्वाशे पुरुष आणि पंचवीस बायकांच्या तुकड्या चारही दारांशी बसायला लागल्या. कलेक्टर गोर्डन, पोलिसांचा कडा, आत बसलेले पुजारी, बाहेर उन्हात बसलेली माणसं. ९ एप्रिलला रामाचा रथ दोन्हीकडच्या लोकांनी मिळून ओढायचा असं ठरलं होतं. तो शब्द पाळला गेला नाही, दगडफेक झाली, माणसं रक्तबंबाळ झाली. ही खडाजंगी अधूनमधून थांबत, पुन्हा पेटत १९३५पर्यंत चालली. अमृतराव रणखांबे, पां. ना. राजभोज ही नावं त्यात येतात, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत भाऊराव गायकवाडांचं येतं. त्या वेळी ते दादासाहेब झालेले नव्हते, जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते.

एक गोष्ट इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हे देऊळ बांधलं, त्याचा काळा दगड रामशेजच्या डोंगरातून आणला होता. रामशेज आमच्या तालुक्यात आहे. औरंगजेबाच्या फौजांना १६८२पासून काही वर्षं दाद न देणारा तोच किल्ला. म्हणजे दिंडोरीचा दगड आत गेला होता आणि दिंडोरीच्या माणसाला दारात अडवलं होतं. वर्गात हे मी कधी सांगितलं नाही. तेव्हा ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता प्रश्न असा, की चार दारांशी बसलेल्या त्या दीडशे जणांची मागणी काय होती? पूजा बदला अशी नव्हती. मंत्र मराठीत म्हणा, मूर्ती काढा, बडवे-पुजारी हटवा, यातली एकही नव्हती. प्रार्थना समाजानं मूर्तिपूजा सोडली, आर्य समाजानं वेदांकडे चला म्हटलं. त्याला धर्मसुधारणा म्हणतात ते बरोबर आहे. काळारामच्या दारात 'आम्हाला आत जाऊ द्या' एवढंच म्हणणं होतं. त्या माणसांत रामाच्या दर्शनाची खरीखुरी ओढ असलेले कुणी नव्हतेच, असं मी म्हणणार नाही, असणारच. पण दर्शनाला निघालेला माणूस दर्शनच मागत असतो. सुधारायचे कोणी होते तर ते आतले. बाहेरच्यांनी दार वाजवलं, आणि मी त्या दार वाजवण्याला आतल्या दुरुस्तीच्या खात्यावर मांडत होतो. त्यात एक लबाडी आहे. 'आमच्या धर्मात वेळोवेळी सुधारणा होत गेल्या' असं म्हणताना आपण काळारामचं नावही त्या यादीत घालतो. ज्या दारानं पाच वर्षं माणसं अडवली, त्या दाराच्या पुण्याईत ती माणसं जमा होतात.

माझी व्याख्या माझ्यावर उलटली ती इथं. घरात राहून केलेली दुरुस्ती ती सुधारणा, हे मान्य केलं, तर ज्याला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही तो सुधारक कसा होईल?

यापुढचा पुरावा लाहोरचा आहे आणि तो मला जास्त बोचला, कारण त्यात सुधारकच आहेत. येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचं जाहीर केलं. येवला आमच्याच जिल्ह्यातला तालुका. काळारामच्या दारातून उठलेली वाट तिथं पोचली. पुढच्या वर्षीच्या परिषदेच्या अध्यक्षीय भाषणासाठी लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना बोलावलं. मंडळाचं नावच पाहा, जात तोडायला निघालेली माणसं. पण भाषणाचा मसुदा हाती आल्यावर ती चपापली. काही भाग गाळा म्हणाली. बाबासाहेबांनी स्वल्पविराम बदलायलाही नकार दिला, परिषद रद्द झाली, आणि भाषण त्यांनी स्वखर्चानं छापून काढलं. त्या भाषणात रानड्यांच्या सामाजिक परिषदेचा हिशेबही आहे: विधवाविवाह, बालविवाह हे प्रश्न उच्चवर्णीय कुटुंबाच्या सुधारणेचे होते, हिंदू समाजाच्या फेररचनेचे नव्हते, आणि परिषदेनं तेवढेच हाती घेतले. मी हे वाचून बराच वेळ नुसता बसून राहिलो. रानड्यांवर राग आला असं नाही. विधवेचं केशवपन थांबावं म्हणून झिजलेला माणूस छोटा होत नाही. पण मी शब्द मोठा करून ठेवला होता. एका आळीच्या दुरुस्तीला मी गावाची दुरुस्ती म्हणत आलो होतो.

बाकीच्यांनी हा शब्द किती जपून वापरला किंवा टाळला, ते मग दिसायला लागलं. जोतीराव फुल्यांनी आपल्या समाजाला सुधारणेचं नाव दिलं नाही, सत्याच्या शोधाचं दिलं. जवळपास शंभर वर्षांनी हमीद दलवाईंनी १९७० साली पुण्यात मंडळ काढलं तेव्हा त्यांनीही मुस्लिम सत्यशोधक असंच नाव घेतलं. जोतीरावांचं बोट धरलं, रानड्यांचं नाही. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी समीक्षा म्हणाले. अंधश्रद्धा निर्मूलनाचे दाभोलकर चिकित्सा म्हणायचे. आम्ही पाठ्यपुस्तकवाल्यांनी मात्र सगळ्यांना एकाच धड्यात, एकाच मथळ्याखाली बसवलं, कारण धडा दहा पानांत संपवायचा असतो.

दादासाहेबांच्या बाबतीत गंमत म्हणजे हेच दुसऱ्यांदा झालं. कूळ कायदा, १ एप्रिल १९५७चा कृषक दिन, कमाल जमीन धारणेचा कायदा, याला सरकारदरबारी 'जमीन सुधारणा' म्हणतात. त्यात कूळ मालक झालं, चांगलं झालं. पण ज्याचं नाव सातबाऱ्यावर मालक म्हणूनही नव्हतं आणि कूळ म्हणूनही नव्हतं, त्या मजुराच्या हातात काय पडलं? दादासाहेबांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, पडीक सरकारी जमिनी मागितल्या, हजारोंनी तुरुंग भरले. इथंही सुधारणा खातेदारांची झाली आणि दादासाहेब ज्यांच्यात उभे होते ती माणसं खात्याच्या बाहेर राहिली.

स्मरणिकेच्या लेखाचा मथळा मी बदलला. 'हक्काचा लढा' असा साधा घातला. आमच्या शाळेतल्या एका जुन्या सहकाऱ्याला तो दाखवला, तर ते उखडले. "मास्तर, तुम्ही काळाराम धर्माच्या बाहेर काढलात. उद्या सनातनी हेच म्हणतील, की आम्हाला कुणी सुधारायला सांगितलंच नव्हतं." त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मी त्यांना म्हटलं, सुधारणा हा शब्द मी फेकलेला नाही, जिथं बसतो तिथं तो ठेवतोच आहे. साने गुरुजींना ठेवा की. पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून १९४७च्या मे महिन्यात गुरुजींनी उपोषण केलं. त्यांना देवळात जायला कुणाची ना नव्हती. ते आतले होते आणि आपल्याच माणसांच्या दारात उपाशी बसले. धर्मसुधारणा म्हणतात ती ही. आणि त्याच देवळाच्या महाद्वाराच्या पायरीशी अस्पृश्य मानलेल्या संत चोखोबांची समाधी आहे, जवळपास सातशे वर्षांची. रानड्यांच्या प्रकरणात चोखोबा सुधारणेच्या पुण्याईत जमा आहेत. पायरीवरून पाहिलं तर तो जमाखर्च तसा लागत नाही.

"मग शिंद्यांचं काय?" सहकाऱ्यांनी विचारलं. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे, १९०६ साली अस्पृश्यांसाठी मिशन काढणारे. मराठा घरातला माणूस, प्रार्थना समाजात गेलेला, ऑक्सफर्डला धर्माचा अभ्यास करून आलेला, आणि पुढं स्वतःच्या लोकांना परका झालेला. तो आतला की बाहेरचा? मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही.

इथपर्यंतचं सगळं कागदावरचं. याच काळात माझं मत आणखी एका बाजूनं हललं, आणि ती बाजू माझ्या घरातली आहे.

दिंडोरी म्हटलं की महाराष्ट्रात निम्म्या लोकांना द्राक्षं आठवतात आणि निम्म्यांना स्वामी समर्थांचं केंद्र. दिंडोरी प्रणीत सेवामार्गाच्या केंद्रांवर गावोगाव जी गर्दी असते, तीत बायका जास्त. आमच्या मंडळीही त्यात आहेत. मी विवेकवादी, चळवळीची पुस्तकं विकत घेणारा. केंद्राकडे मी कधी हेटाळणीनं, कधी कीव करून पाहत आलो. धर्मसुधारणेचा आणि त्या गर्दीचा काही संबंध असेल, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

गुरुचरित्र बायकांनी वाचू नये, असा दत्तसंप्रदायातला जुना दंडक आहे. माझ्या आईनं पोथीला कधी हात लावला नाही. वडील वाचायचे, ती सोवळ्यात नैवेद्य करायची आणि दारातून ऐकायची. सेवामार्गात मात्र बायका दत्तजयंतीच्या सप्ताहात सर्रास पारायणाला बसतात. आमच्याकडच्या क्रमात चौथ्या दिवशी पस्तिसावा अध्याय येतो. त्यात कच-देवयानीची कथा आहे, आणि ती कथा सांगितली जाते ती स्त्रियांना मंत्राचा उपदेश करू नये हे पटवण्यासाठी. मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. आमच्या मंडळी तो अध्याय खणखणीत आवाजात वाचत होत्या. बाईला मंत्र देऊ नये ही ओवी बाईच्याच तोंडून, एकही अक्षर न गाळता, न अडखळता.

वाचन झाल्यावर मी म्हणालो, "अगं, त्या अध्यायात काय लिहिलंय ते कळलं का तुला?"

"कळलं की. न कळायला काय झालं?"

"मग?"

"मग काय? पस्तिसावा संपला. उद्या छत्तिसावा."

मी तिला आईच्या गोष्टीची आठवण करून दिली. म्हटलं, दोन पिढ्यांत केवढा फरक पडला, ही मोठी सुधारणाच झाली. तर ती माझ्याकडे असं पाहायला लागली की जणू मी पोथीवर चहाच सांडला होता. "अहो, सुधारणा-बिधारणा तुमच्या पुस्तकात. आम्ही सेवा करतो." सेवा, सेवेकरी हे त्यांचे शब्द, त्यात रोज बोलतात, त्यात जगतात. ज्या निषेधाला त्यांनी केराची टोपली दाखवली, त्याच्याविरुद्ध एक शब्दही त्यांनी उच्चारलेला नाही. ठराव केला नाही, परिषद भरवली नाही, पोथीतली ओवीही बदलली नाही. फक्त वाचायला बसल्या.

माझ्या व्याख्येत हे तंतोतंत बसतं: घरात राहून केलेली दुरुस्ती. रानड्यांना यात आनंद झाला असता. चळवळीतल्या माझ्या मित्रांना हे पटत नाही. पोथी वाचायला मिळाली यात कसली सुधारणा, बेडी सोन्याची झाली एवढंच, असं ते म्हणतात. मी त्यांना एवढंच सांगतो, की बेडी आहे का नाही यावर आपण नंतर भांडू. पण ज्या पोथीपासून माझ्या आईला लांब ठेवलं, ती पोथी माझ्या बायकोच्या मांडीवर आहे, आणि हा बदल आपल्या चळवळीनं केलेला नाही.

त्याच्या मर्यादाही मला दिसतात. आमच्याच घरात महिन्यातले चार दिवस पोथीला हात लागत नाही. मी विचारलं, हे कधी जायचं? "होईल हळूहळू," ती म्हणाली आणि वाती वळायला बसली. रानडेही हळूहळूच म्हणत आले. आतल्या माणसाला ते परवडतं. तिला घाई नाही, कारण तिला कुणी घराबाहेर काढलेलं नाही. काळारामच्या दारात बसलेल्यांनी पाच वर्षं दिली आणि उठले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला जाऊन धम्म घेतला. त्यांना कुणी सुधारक म्हणालं काय आणि न म्हणालं काय, त्यांचं त्यावाचून अडलं नाही. देवळं सर्वांना खुली करणारे मुंबई राज्याचे कायदे झाले १९४७ आणि १९५६ साली. तोवर ज्यांनी दार वाजवलं त्यांना त्या दाराशी कर्तव्यच उरलं नव्हतं.

स्मरणिका छापून झाली. मथळा मी दिला तोच राहिला. पुढच्या अंकासाठी त्यांनी रानड्यांवर लेख मागितला आहे. त्यात 'धर्मसुधारक' हा शब्द मी निःशंकपणे वापरणार आहे, आणि चोखोबांच्या पायरीचा परिच्छेदही घालणार आहे. सहकाऱ्यांनी आधीच बजावलंय, की निफाडकर रागावतील.